थांबवता येतं, ठरवता का येत नाही?

फोंडा तालुक्यातल्या केरी गावचं भूतखांब पठार गोव्यात बहुतेकांना ऐकून तरी ठाऊक आहे. १९९०च्या दशकात तिथे ड्युपॉन्ट आणि थापर यांचा नायलॉन ६,६ बनवणारा कारखाना यायचा होता. गावकऱ्यांनी विरोध केला, आंदोलन पेटलं, जानेवारी १९९५मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण बळी पडला आणि अखेर कारखाना तमिळनाडूला गेला. पुढे २००७च्या सुरुवातीला सरकारला राज्यातला जमीनवापर ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मागे घ्यावा लागला, कारण गोवा बचाव अभियानाच्या हाकेला हजारो माणसं रस्त्यावर उतरली होती. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं, रद्द करण्याची घोषणा झाली. २०२१च्या जानेवारीत सत्तरीतल्या शेळ-मेळावलीच्या लोकांनी आयआयटीचा प्रकल्प आपल्या गावातून मागे घ्यायला लावला.

नको असलेली गोष्ट थांबवण्याची ताकद गोव्यातल्या माणसांनी पुन्हा पुन्हा दाखवली आहे. पण हवी असलेली गोष्ट ठरवण्याची ताकद? कुठल्या वाड्यावर पाण्याची टाकी आधी हवी, कुठली शेतं शेतंच राहावीत, खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचा, बांध कोणी आणि कधी बांधून घ्यावा, गावचा कचरा कुठे जावा, हे गाव ठरवतं का? फार थोडं ठरवतं. आपली आंदोलनं बळकट आहेत आणि पंचायती दुबळ्या आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. या दोन्हींची गाठ का घालावी लागते, हे जगातल्या काही अनुभवांवरून समजून घेता येतं.

विकास म्हणजे धरणं, रस्ते, कारखाने आणि त्यासाठी लागणारं भांडवल, असा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर रुजला होता. पैसा दिल्लीसारख्या किंवा नैरोबीसारख्या राजधानीत यायचा, योजना तिथेच आखल्या जायच्या आणि खाली गावात फक्त कंत्राटदार पोचायचा. तीसेक वर्षांत या पद्धतीच्या मर्यादा उघड झाल्या. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेवर १९८९मध्ये जागतिक बँकेने एक अहवाल काढला आणि तिथल्या दुरवस्थेच्या मुळाशी कारभाराचं संकट आहे असं म्हटलं. कर्ज देणाऱ्या बँकेने राज्यकारभाराबद्दल इतकं उघड बोलणं तेव्हा नवं होतं. तिथून पुढे ‘सुशासन’, ‘लोकसहभाग’, ‘विकेंद्रीकरण’ हे शब्द प्रत्येक प्रकल्पाच्या कागदावर दिसू लागले. शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांतलं सोळावं उद्दिष्ट, जे संयुक्त राष्ट्रांनी २०१५मध्ये स्वीकारलं, त्यातही प्रत्येक पातळीवरचे निर्णय लोकांना सामील करून घ्यावेत असं नोंदवलेलं आहे.

सामील करून घेणं म्हणजे नेमकं काय, इथे खरा प्रश्न सुरू होतो. सभेला बोलावणं म्हणजे सहभाग का? मत विचारून नोंदवून घेणं म्हणजे सहभाग का? की त्या मतानुसार पैसा हलला पाहिजे?

ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्री शहराने या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं दिलं. १९८८च्या निवडणुकीत तिथे कामगार पक्ष नगरपालिकेत निवडून आला आणि १९८९पासून शहराच्या अंदाजपत्रकातला गुंतवणुकीचा भाग लोकांच्या सभांतून ठरू लागला. शहराचे सोळा विभाग पाडले. प्रत्येक विभागात लोक जमायचे, आपल्या भागाला आधी काय हवं याचा क्रम लावायचे, प्रतिनिधी निवडायचे आणि ते प्रतिनिधी पुढे नगरपालिकेबरोबर बसून पैशाची वाटणी करायचे. गरीब वस्त्यांनी पहिल्या वर्षांत बागा किंवा चौक मागितले नाहीत, पाणी आणि गटार मागितलं. पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी असलेली घरं १९८८मध्ये ७५ टक्के होती, ती १९९७पर्यंत ९८ टक्क्यांवर गेली. ही पद्धत नंतर जगभरच्या शेकडो शहरांनी उचलली. पोर्तो आलेग्रीत मात्र २००४मध्ये सत्ता बदलली आणि पुढच्या काळात ती क्षीण होत गेली, हेही सांगायला हवं. कायद्याच्या पक्क्या आधाराशिवाय, एका पक्षाच्या इच्छेवर उभी असलेली लोकशाही त्या पक्षाबरोबर खाली येते.

आपल्याकडे केरळने १९९६मध्ये असाच मोठा निर्णय घेतला. राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा थेट स्थानिक संस्थांकडे देऊन टाकला. पैसा आधी दिला, क्षमता नंतर येईल असं मानलं. त्याआधी सगळे सांगत होते की पंचायतीला हिशेब जमत नाही, इंजिनियर नाही, म्हणून पैसा देता येत नाही. केरळमध्ये निवृत्त इंजिनियर, शिक्षक, बँकेतली माणसं स्वतःहून पंचायतीच्या मदतीला आली, कारण आता तिथे ठरवण्यासारखं काहीतरी होतं. चुका झाल्या, काही पंचायतींनी पैसा वायाही घालवला. तरीही तिथली पंचायत आज दवाखाना, शाळा, पाणी अशा गोष्टींत जो वाटा उचलते, तो गोव्यातल्या पंचायतीला अजून मिळालेला नाही.

गोव्याला हे सगळं बाहेरून शिकण्याची गरज का पडावी, असा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो. आपल्याकडे गावकरी नावाची संस्था होती. पोर्तुगीज येण्याआधीपासून गावची जमीन गावाच्या सामायिक मालकीची असायची आणि गावकार मिळून तिचा कारभार पाहायचे. पोर्तुगीज महसूल अधिकारी आफोंसु मेशिया याने १५२६मध्ये तिसवाडीतल्या गावांच्या या रीतीभाती लेखी नोंदवल्या. पुढे तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले आणि तिच्यासाठी स्वतंत्र संहिता आली. तिची शेवटची आवृत्ती १९६१ची आहे, आणि आजही गोव्यातल्या दोनशेहून अधिक कोमुनिदादींना ती लागू आहे.

गावकरीचं काम साधं होतं. सामायिक शेतांची ठरावीक मुदतीने पावणी व्हायची, जो जास्त खंड देईल त्याला शेत कसायला मिळायचं. त्या उत्पन्नातून सरकारचा सारा भरायचा, देवळाचा खर्च, बांध, ओहोळ, वाटा यांची दुरुस्ती व्हायची, आणि उरलेलं गावकारांत झोण म्हणून वाटलं जायचं. बांध फुटला तर खाजनातलं भात खारं होणार, भात गेलं तर पावणीचं उत्पन्न जाणार आणि उत्पन्न गेलं तर झोण बुडणार, म्हणून बांधावर लक्ष ठेवणं ही गावाची रोजची गरज होती. भरती-ओहोटीनुसार मानसाची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं उघडायची-बंद करायची, मानसावरच्या मासेमारीचाही लिलाव करायचा, पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी नाही याचे नियम ठरलेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते सामायिक साधनसंपत्ती लोक स्वतः कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. वापरणारे कोण हे ठरलेलं असावं, नियम वापरणाऱ्यांनीच करावेत, देखरेख त्यांचीच असावी, नियम मोडणाऱ्याला चूक असेल त्या प्रमाणात दंड असावा, असं त्यांना नेपाळपासून स्वित्झर्लंडपर्यंत दिसलं. आपल्या खाजनात यातलं बरंच काही शतकानुशतकं चालू होतं.

पण गावकरीचं गुणगान करून थांबणं मला प्रामाणिक वाटत नाही. गावकारपण बापाकडून मुलाकडे जायचं. बायकांना तिथे आवाज नव्हता. बांधावर चिखल वाहणारे, शेतात राबणारे, तथाकथित खालच्या मानल्या गेलेल्या जातींचे लोक गावात राहायचे, पण गावचे निर्णय त्यांचे नव्हते. म्हणजे आपल्याकडे स्वशासन होतं, लोकशाही नव्हती. मुक्तीनंतर आलेल्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला, हे न्यायाचंच झालं. पण बांधाची जबाबदारी कूळ संघटनांकडे गेली आणि कोमुनिदादीचं उत्पन्न आटलं. जुनी व्यवस्था मोडली आणि तिच्या जागी तितकीच दक्ष, पण सर्वांची अशी नवी व्यवस्था उभी राहिली नाही. आज फुटलेल्या बांधासाठी गाव सरकारी खात्याच्या निविदेची वाट पाहतं आणि दोन हंगाम शेत पडीक राहतं. ही पोकळी पंचायतीने भरायला हवी होती.

तशी तरतूद घटनेत आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३पासून लागू झाली. प्रत्येक गावात ग्रामसभा, दर पाच वर्षांनी निवडणूक, महिलांना किमान एक तृतीयांश जागा, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणि राज्य वित्त आयोग, हे सगळं तिने बंधनकारक केलं. अकराव्या परिशिष्टात शेती, लघुपाटबंधारे, पिण्याचं पाणी, प्राथमिक शिक्षण, आरोग्य असे २९ विषय पंचायतींसाठी मांडले. मात्र त्यांतले किती विषय खरोखर पंचायतीला द्यायचे हे विधिमंडळावर सोपवलं. केरळच्या विधिमंडळाने दिले, गोव्याने मोजके दिले. गोवा पंचायत राज कायदा १९९४चा आहे. त्याखाली १९१ पंचायती आहेत. लोकसंख्या वीस लाखांहून कमी असल्यामुळे तालुका पातळीवरची पंचायत इथे नाही, ग्रामपंचायत आणि थेट जिल्हा पंचायत. शाळा शिक्षण खात्याची, दवाखाना आरोग्य खात्याचा, नळ पाण्याच्या खात्याचा, रस्त्याचा मोठा भाग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. पंचायतीकडे घरपट्टी, बांधकाम परवाना, दिवाबत्ती, कचरा आणि दाखले एवढंच मुख्यतः उरतं. सचिव सरकारचा कर्मचारी असतो आणि त्याची बदली पंचायत करत नाही.

असं का झालं, याचं एक कारण गोव्याच्या आकारात आहे. विधानसभेच्या जागा ४० आणि मतदार अकरा लाखांच्या आसपास, म्हणजे एका आमदारामागे सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि नऊ कोटींहून अधिक मतदार, तिथे एका मतदारसंघात तीन लाखांपलीकडे माणसं असतात. त्यामुळे गोव्यातला आमदार गटार, पथदीप, संरक्षक भिंत, अंगणातलं पेव्हर घालणं अशी कामं स्वतः करून देतो आणि त्यावरच निवडून येतो. घराघरात ओळख असलेला आमदार ही चांगलीच गोष्ट आहे. पण पंचायतीला अधिकार दिले तर त्याच्या हातातलं काम जातं, आणि कायदा बदलायचा तर तो त्यानेच बदलायचा आहे. पक्षचिन्हाशिवाय लढल्या जाणाऱ्या पंचायत निवडणुकीतही ‘हे पॅनल कुठल्या आमदाराचं’ हे सगळ्या गावाला माहीत असतं. अधिकार खाली का झिरपत नाहीत याचं उत्तर मला भ्रष्टाचारापेक्षा या रचनेत जास्त दिसतं.

पंचायत अशी अडकलेली असताना लोकांचा आवाज दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो. त्या वाटेला नागरी समाज म्हणतात. सरकार नाही, बाजार नाही आणि घरही नाही, अशी जी माणसं आपल्या मर्जीने एकत्र येऊन सार्वजनिक गोष्टीसाठी काही करतात, ती सगळी यात येतात: पर्यावरणवादी संघटना, शेतकऱ्यांचे संघ, महिला मंडळं, ग्रंथालयं, भजनी मंडळं, मच्छीमारांच्या संस्था, चर्चच्या आवारात जमणारे गट. गोव्यात या हक्कासाठी मोठी किंमत मोजली गेली आहे. १८ जून १९४६ला डॉ. राममनोहर लोहिया मडगावच्या सभेत उभे राहिले, तेव्हा पहिली मागणी होती ती नागरी स्वातंत्र्याची, म्हणजे सभा घेण्याची आणि बोलण्याची. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत परवानगीशिवाय चार माणसांना जमून सार्वजनिक बोलता येत नव्हतं. पुढे १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा हे इथल्या माणसांनी मतपेटीतून ठरवलं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. मराठी बोलणारी घरं त्या प्रश्नावर दोन्हीकडे विभागली होती. आजही त्या निकालाबद्दल मतं वेगळी असतील, पण एवढा मोठा निर्णय लोकांना विचारून झाला याचा मला अभिमान आहे.

माहितीच्या हक्काबाबतही गोवा पुढे होता. देशाचा माहिती अधिकार कायदा २००५चा, गोव्याने आपला १९९७मध्येच केला होता.

नागरी समाजाची जगातली गोष्ट मात्र सरळ नाही. १९९०नंतर परदेशी मदत देणाऱ्या संस्थांनी अनेक गरीब देशांत स्वयंसेवी संस्थांना भरपूर पैसा दिला, कारण सरकारवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यातून चांगलं काम झालं, पण एक दोषही शिरला. संस्थेचा अहवाल इंग्रजीत, देणगीदाराच्या नमुन्यात, त्याच्या मुदतीत जायला लागला. ज्या वस्तीसाठी काम चाललं होतं तिला मात्र हिशेब मिळत नव्हता. गोव्यातली मोठी आंदोलनं मुख्यतः गावच्या वर्गणीवर, वकिलांनी कमी पैशांत किंवा फुकट लढलेल्या खटल्यांवर, स्वयंपाकघरातून आलेल्या चहा-पावावर उभी राहिली आहेत. ही त्यांची खरी शक्ती आहे. पण आंदोलन कायम चालवता येत नाही. नोकरी, शेत, मुलांची परीक्षा सोडून माणूस किती दिवस रस्त्यावर बसणार? रेल्वेच्या दुपदरीकरणाला विरोध करायला चांदरची माणसं २०२०च्या नोव्हेंबरात रात्रभर रुळांवर बसली होती, आणि एरवी आपापल्या कामाला जाणारीच माणसं होती ती. थांबवण्यासाठी इतकी झीज सोसावी लागते, कारण आधी विचारण्याची जागा नीट चालत नाही.

ती जागा कशी दिसू शकते हे गोव्याने एकदा अनुभवलं आहे. प्रादेशिक आराखडा २०११ रद्द झाल्यावर सरकारने कृतिदल नेमलं, त्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ तयार करताना गावागावाचे नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले. गावांनी समित्या केल्या, सर्व्हे क्रमांक घेऊन माणसं शेतांतून, डोंगरांवरून फिरली आणि कुठे झर आहे, कुठे खाजन आहे, कुठे देवराई आहे, कुठला उतार कापायचा नाही हे नकाशावर नोंदवलं. काही गावांत पंच आणि गावकरी यांच्यात भांडणं झाली, काही गावांनी नुसत्या सह्या केल्या. तरी जिथे काम मनापासून झालं तिथे लोकांना आपला गाव पहिल्यांदा कागदावर पूर्ण दिसला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११च्या आपल्या अहवालात ग्रामसभांपासून वर जाणाऱ्या नियोजनाचा आग्रह धरला, आणि गोव्यातला हा प्रयोग त्यांच्यासमोर होता.

पुढे काय झालं ते दुःखद आहे. हा आराखडा २०१२मध्ये सत्ता बदलल्यावर स्थगित झाला. २०१८मध्ये नगरनियोजन कायद्यात १६ब हे कलम आलं, २०२३मध्ये १७(२) आलं, २०२४मध्ये ३९अ. या कलमांचा व्यवहारातला अर्थ असा होता, की पूर्ण गावाचा विचार बाजूला राहून एकेका सर्व्हे क्रमांकाचा वापर अर्जावर बदलता येऊ लागला. शेत किंवा बाग म्हणून दाखवलेली जागा वसाहतीसाठी खुली होऊ लागली. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२)खालचे नियम रद्दबातल ठरवले, तेही नागरी संघटनांनी दाद मागितल्यामुळे. म्हणजे गावाने मिळून जे ठरवलं होतं ते टिकवण्यासाठी पुन्हा कोर्टात जावं लागलं.

ग्रामसभेच्या ठरावांचंही असंच होतं. मेगा प्रकल्पाला विरोध, डोंगरकापणीला विरोध, शेतातल्या भरावाला विरोध असे ठराव गोव्यातल्या कित्येक ग्रामसभांनी संमत केले आहेत. पण जमीनवापर नगरनियोजन खातं ठरवतं, सनद, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करण्याचा परवाना, जिल्हाधिकारी देतो आणि पंचायतीने परवाना नाकारला तर वर अपील होतं. ठराव इतिवृत्तात राहतो.

कायद्याने ग्रामसभेला निर्णय दिला तर काय होतं, हे ओडिशातल्या नियमगिरीत दिसलं. तिथल्या डोंगरावर बॉक्साइटची खाण यायची होती. १८ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने वनहक्क कायदा २००६च्या आधारे सांगितलं, की डोंगरिया कोंध आदिवासींच्या देवाचा आणि वनाचा प्रश्न ग्रामसभांनी पाहावा. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. खाण झाली नाही. गावं तीच, माणसं तशीच गरीब, फरक एवढाच की त्यांच्या ‘नाही’ला कायद्यात जागा होती. गोव्यात सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या भागांतल्या गावडा, कुणबी, वेळीप समाजांना २००३मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तेव्हा हा कायदा आपल्याही उपयोगाचा आहे.

नुसती सभा भरवून भागत नाही, याचाही पुरावा आहे. इंडोनेशियात सहाशेहून अधिक गावांत जागतिक बँकेच्या मदतीने रस्ते बांधले जात होते. अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी तिथे पैशाची गळती मोजली. काही गावांत हिशेबाच्या सभांना जास्त लोकांना बोलावलं, काही गावांत सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असं आधीच सांगितलं. लोक जास्त आल्याने गळतीत सरासरी फारसा फरक पडला नाही. लेखापरीक्षणाच्या खात्रीने ती सुमारे आठ टक्के-बिंदूंनी घटली. हा निष्कर्ष माझ्यासारख्या लोकसहभागावर विश्वास असलेल्या माणसाला पचायला जड जातो, पण तो समजून घ्यायलाच हवा. सभेत बसलेल्या माणसाला रस्त्याखाली किती खडी घातली हे दिसत नाही. त्याला मोजमाप करणारा कोणीतरी लागतो.

आणि माहिती लागते. युगांडात १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात केंद्राने शाळांना दिलेल्या अनुदानातला सरासरी १३ टक्केच भाग शाळांपर्यंत पोचत होता, बाकीचा जिल्ह्याच्या पातळीवर अडायचा. हे उघड झाल्यावर सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पैसा गेला हे वर्तमानपत्रात छापायला आणि शाळांच्या फलकावर लावायला सुरुवात केली. काही वर्षांत शाळांना मिळणारा भाग सुमारे ८० टक्क्यांपर्यंत गेला. इतर सुधारणाही त्याच काळात झाल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय एका फलकाला देता येणार नाही. तरी मुख्याध्यापकाला आणि पालकांना नेमका आकडा माहीत असणं ही मोठी गोष्ट होती.

कोण बोलतं हाही प्रश्न आहेच. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींच्या अभ्यासात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांना दिसलं, की प्रमुखपद महिलेसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं, कारण तिथल्या बायका तेच मागत होत्या. गोव्यातल्या ग्रामसभेत बायका येतात, पण पुढच्या खुर्च्यांवरून बोलणारे पुरुषच जास्त असतात, आणि काही राखीव पंचायतींत सरपंचबाईंच्या वतीने नवराच उत्तर देतो. ग्रामसभेचा सभासद म्हणजे गावच्या मतदारयादीतला माणूस. बांधकामावर राबणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा परप्रांतीय मजूर बहुधा त्या यादीत नसतो. कचऱ्याचा आणि पाण्याचा प्रश्न त्यालाही असतो. गावकरीने जी चूक केली, राबणाऱ्याला दाराबाहेर ठेवलं, ती आपण नव्या रूपात करू नये असं मला मनापासून वाटतं.

आता हातात काय आहे ते बोलू. राज्य सरकारने अधिकार द्यावेत ही मागणी चालूच राहील, पण आजच्या कायद्यातही गावाला वापरता येण्यासारखं बरंच आहे. प्रत्येक पंचायतीने दरवर्षी ग्रामपंचायत विकास आराखडा करायचा असतो, तो ग्रामसभेतून जायला हवा. बहुतेक गावांत तो सचिव संगणकावर भरतो आणि गावाला कळतही नाही. तो आराखडा सभेपूर्वी फलकावर लावा म्हणून लेखी मागा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना दिलेल्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, ४० टक्के गावाच्या गरजेनुसार खर्चायला मोकळा. तो ४० टक्के आपल्या गावात कशावर गेला, हे विचारण्यासारखं आहे. ग्रामसभेतून कामांवर देखरेख करणाऱ्या समित्या नेमता येतात. त्यात गावचा एखादा निवृत्त ओव्हरसियर आणि स्वयंसाहाय्य गटातल्या दोन बायका बसवल्या, तर खडी आणि सिमेंट कोणीतरी मोजेल. जैवविविधता कायदा २००२खाली प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि लोकांनी केलेली जैवविविधता नोंदवही हा झर, देवराई, खाजन यांचा अधिकृत पुरावा ठरू शकतो. ठराव करताना नुसतं ‘आमचा विरोध आहे’ असं न लिहिता सर्व्हे क्रमांक, कायद्याचं कलम आणि गावाला त्या जागेवर काय हवं हे लिहिलं, तर कोर्टातही तो जास्त उपयोगी पडतो.

प्रादेशिक आराखडा २०२१साठी आपल्या गावाने काय नोंदवलं होतं, हेही शोधून काढावं. पंचायतीच्या दप्तरात किंवा नगरनियोजन खात्यात त्या सूचनांची आणि नकाशाची प्रत असेल तर ती माहिती अधिकाराखाली मागता येते. अर्जाचं शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो.